न शिकविलेल्या पाठाची परीक्षा

इयत्ता पाचवी व आठवीच्या वार्षिक परीक्षेविषयी शिक्षकबंधुभगिनींकडून एकच प्रश्न वारंवार येतो : अनुत्तीर्ण मुलास त्याच वर्गात ठेवावयाचे काय? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याच्या आधीचा एक प्रश्न आपण विसरतो, आणि त्याचे उत्तर मुलाने नव्हे, आपण द्यावयाचे असते.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० रोजी अंमलात आला, तेव्हा त्याच्या कलम १६ ने आठवीपर्यंत कोणाही मुलास मागे ठेवण्यास मनाई केली होती. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीपुरती ही मनाई सैल करण्याची मुभा राज्यांना मिळाली आणि महाराष्ट्राने २०२३ साली आपले नियम तसे बदलले. पाचवीस प्रत्येक विषयाला ५० व आठवीस ६० गुण. उत्तीर्ण होण्यास ३५ टक्के हवेत. अनुत्तीर्ण मुलास आधी पूरक मार्गदर्शन व निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षेची संधी द्यावीच लागते. शाळेतून मात्र त्यास काढता येत नाही.

मी परीक्षेच्या विरुद्ध नाही. आठवी ओलांडूनही ज्यास सलग वाचता येत नाही, अशा मुलास नुसती वर्गोन्नती देऊन आपण त्याचे कोणते हित साधले? तथापि एक प्रसंग सांगतो. ऊसतोडीच्या हंगामात पूर्वेकडील तालुक्यातील एका शाळेत बीडकडील एक मुलगी पाचवीत बसू लागली होती. गणितात ती मागे पडली. कारण विचारता म्हणाली, "गुरुजी, अपूर्णांक आमच्या गावी दिवाळीनंतर शिकवणार होते." इकडे ते दिवाळीपूर्वीच होऊन गेले होते! दोन्ही शाळांनी आपापला अभ्यासक्रम चोख पुरा केला, आणि अपूर्णांक तिला कोणीच शिकविले नाहीत.

हाच मुद्दा अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात न्यायालयापुढे गेला होता. १९७८ साली तेथे असा कायदा झाला की, एक ठराविक चाचणी उत्तीर्ण झाल्याखेरीज माध्यमिक शाळेची पदविका मिळणार नाही. अनुत्तीर्णांत कृष्णवर्णीय मुलांचे प्रमाण फार मोठे होते, आणि त्यांचे शिक्षण वर्णभेदाने विभक्त केलेल्या शाळांतून सुरू झालेले होते. १९८१ साली अपील न्यायालयाने सांगितले की, चाचणीत विचारलेला भाग वर्गात खरोखर शिकविला होता हे राज्याने सिद्ध करावे. नाहीतर पदविका अडवून ठेवणे अन्यायाचे होईल. पुढे राज्याने शिक्षकांकडून माहिती मागविली, एवढेच नव्हे तर मुलांनाही 'हे तुम्हांस शिकविले होते काय?' असे विचारले. त्या पुराव्यावर १९८३ साली चाचणी वैध ठरली. परीक्षा टिकली खरी, पण शिकविल्याचा पुरावा आणल्यानंतर.

आपल्या अधिनियमात असा पुरावा कोणी मागितलेला नाही. म्हणूनच तो आपण स्वतःकडे मागावा, असे मला वाटते. अनुत्तीर्ण मुलाची उत्तरपत्रिका समोर घ्यावी, तिच्याशेजारी हजेरीपट व आपले टाचण ठेवावे, आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाचा पाठ ज्या दिवशी झाला त्या दिवशी मूल वर्गात होते काय, ते पाहावे. अर्ध्या तासाचे काम आहे. (टाचण तपासणीपुरतेच लिहिणाऱ्यांची येथे पंचाईत होईल!) पूरक मार्गदर्शन नेमके कशाचे द्यावयाचे, हेही त्यातूनच कळते; सरसकट सगळे पुस्तक पुन्हा वाचून घेणे म्हणजे मार्गदर्शन नव्हे.

त्या मुलीपुढे आणखी एक अडचण होती. हंगाम संपताच कुटुंब गावी परतणार. मग पूरक मार्गदर्शन देणार कोण? तिच्या वर्गशिक्षिकेने गावच्या शाळेच्या गुरुजींना दूरध्वनी केला, आणि निघताना मुलीजवळ एक चिठ्ठी दिली. चिठ्ठीत एवढेच होते : "भागाकार पक्का आहे. अपूर्णांक शिकविलेले नाहीत. कृपया तेथून सुरुवात करावी."