यादी एक, नावे दोन

मंडळी, कामगार चळवळीत आमची उमेदवारी याद्या करण्यात गेली. वर्गणीची यादी, सभासदांची यादी, आणि कपातीच्या वेळी जिच्यावर संसार तरतात किंवा बुडतात ती सेवाज्येष्ठतेची यादी. कपात करावयाचीच झाली, तर त्या त्या वर्गात शेवटी लागलेल्यास सामान्यतः प्रथम कमी करावे, हे तत्त्व १९५३ साली औद्योगिक विवाद कायद्यात आले. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही ते राखले आहे. म्हणजे यादीतील क्रम हीच कामगाराची भाकरी. ती यादी आता बहुधा संगणकात असते. म्हणून संगणक यादी कशी सांभाळतो, हे आम्ही पन्नाशी उलटल्यावर शिकावयास बसलो.

पायथन ही संगणकाला आज्ञा देण्याची एक भाषा. नेदरलंड्सच्या ग्विडो व्हान रॉसम यांनी ती १९९१ साली प्रसिद्ध केली. नाव अजगराचे वाटते खरे. पण ते घेतले आहे एका ब्रिटिश विनोदी दूरचित्रवाणी कार्यक्रमावरून!

या भाषेत यादीला 'लिस्ट' म्हणतात. चौकटी कंसात स्वल्पविराम देत नावे लिहिली की लिस्ट झाली. 'अपेंड' म्हटले की नवे नाव शेवटास लागते. 'पॉप' म्हटले की शेवटचे नाव निघून हाती येते. मोजणी मात्र शून्यापासून. आरंभापासून किती पावले पुढे जावयाचे, तो क्रमांक, असे समजावे. पहिल्यापाशी आपण उभेच असतो.

आता खरी गोम ऐका. समजा, 'ज्येष्ठता' नावाची लिस्ट केली: तुकाराम, सखूबाई, अब्दुल, बाळू. हा नोकरीस लागल्याचा क्रम. हाताशी एक प्रत असावी म्हणून 'प्रत' बरोबर 'ज्येष्ठता' अशी आज्ञा लिहिली. आपणास वाटते, कार्बन लावून दुसरा कागद निघाला. तसे मुळीच होत नाही. यादी एकच राहते, तिला नाव तेवढे दुसरे मिळते. माहेरचे नाव निराळे, सासरचे निराळे, बाई तीच! मग कारकुनाने सोयीसाठी 'प्रत' अक्षरानुक्रमे लावली, म्हणजे तिला 'सॉर्ट' केले: अब्दुल, तुकाराम, बाळू, सखूबाई. 'ज्येष्ठता' उघडून पाहावी, तर तीही तशीच. उद्या तिच्यावर 'पॉप' चालविले तर घरी बसणार सखूबाई, आणि सर्वांत मागून आलेला बाळू राहणार. यात कोणाचा कट नसतो, पण चूल तर विझतेच.

यावर तोड सोपी आहे. खरी प्रत हवी तर 'कॉपी' मागावी. किंवा 'सॉर्ट' ऐवजी 'सॉर्टेड' वापरावे; ते मूळ यादीस हात न लावता नवी यादी देते. एकदा मोडलेला क्रम लिस्ट आपण होऊन परत देत नाही, म्हणून नावाशेजारी लागल्याची तारीख असलीच पाहिजे. 'यंत्रातून निघाली' म्हणून कोणी यादी पुढे केली, तर आम्ही आधी तारखांचा रकाना मागतो.

आणखी एक. यादी वाचता वाचता तिच्यातील नावे काढू नयेत. एक नाव 'रिमूव्ह' केले की मागची सारी एकेक जागा पुढे सरकतात. वाचणारे यंत्र मात्र ठरल्याप्रमाणे पुढच्या जागेकडे जाते, आणि सरकून आलेले नाव न वाचताच राहते. वर्गणी थकविणारे दोघे लागोपाठ असले तर दुसरा सुटतो. त्यापेक्षा वर्गणी भरलेल्यांचीच नवी लिस्ट करावी.