सरकारदरबारी तुमचे गाव आहे काय?

श्रोतेहो, धानोरा-एटापल्लीकडच्या माणसाला 'तुमचं गाव कोणतं?' म्हणून विचारलं, तर तो जे नाव सांगेल ते तहसिलीच्या दप्तरात सापडेलच असे नाही. गाव काही खोटे नसते. वीस-पंचवीस घरे असतात, विहीर असते, मोहाची झाडे असतात, गावाचा देव असतो. पण दप्तराच्या लेखी तो नुसता टोला. त्याची माणसे दुसऱ्याच मौजाच्या नावावर मोजलेली.

मौजा हा शब्दच घ्या. मौजा, तहसील, जिल्हा, महसूल हे शब्द मुळात अरबी. फारशी दप्तरातून ते आपल्याकडे आले. आपले वाडवडील जनगणनेला खानेसुमारी म्हणत. फारशीत खाना म्हणजे घर आणि शुमार म्हणजे मोजणी. घरात गोंडी नाही तर माडिया बोलणाऱ्या गावाची सरकारी ओळख अशी फारशीत बोलते, ही एक गंमतच!

आता गमतीपुढची गोष्ट. जनगणना साधारणपणे महसुली गाव धरते, म्हणजे ज्याची शीव मोजलेली आहे ते. म्हणून जिथे आज एकही चूल पेटत नाही अशा रिठालासुद्धा यादीत नाव आणि क्रमांक असतो. त्याच्यापुढे शून्य लिहितात. आणि दीडशे माणसांच्या टोल्याला मात्र स्वतःची ओळ नाही. गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. 2011 साली त्याची लोकसंख्या 10,72,942 भरली. त्या आकड्यात टोल्यातली माणसे आहेत, टोला नाही. शाळा, अंगणवाडी, रस्ता मागायला गेले की कारकून विचारतो, 'गावाचा क्रमांक काय?' मग काय सांगायचे?

वनग्रामांची तऱ्हा आणखी वेगळी. जंगलकामाला मजूर हाताशी असावेत म्हणून इंग्रजी अमदानीत वनखात्याने राखीव जंगलात वस्त्या बसवल्या. जमीन खात्याची, माणसे तिथली. 2006 च्या वनहक्क कायद्याने अशी वनग्रामे आणि मोजणी न झालेल्या जुन्या वस्त्या महसुली गावे करून घेण्याचा हक्क मान्य केला. दावा ग्रामसभेतून उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे जातो.

ग्रामपंचायत हे तिसरेच प्रकरण. 1958 च्या कायद्याखाली लहान लहान गावे मिळून एक गट ग्रामपंचायत असते. धानोरा तालुक्यातले मेंढा हे पाचएकशे वस्तीचे गाव असेच लेखा गावच्या पंचायतीत बसवलेले. पण मेंढ्याच्या लोकांनी आपली ग्रामसभा आपणच भरवली, सर्वांच्या संमतीने निर्णय घेण्याची रीत पाडली. 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला, आणि एप्रिल 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. पंचायतीचे ठिकाण लेखाच राहिले, पण बांबू मेंढ्याचा झाला. मला वाटते, नुसत्या डोक्यांच्या मोजणीपेक्षा हे फार मोठे आहे.

अनुसूचित क्षेत्रात टोल्यालाही वाट आहे. 1996 चा पेसा कायदा गावाची ओळख आकड्यावरून करीत नाही; जी वस्ती, पाडा किंवा टोला आपल्या रूढीप्रमाणे आपला कारभार चालवतो, ते गाव. राज्याचे नियम 2014 साली झाले. टोल्याच्या मतदारांनी ठराव करून तो उपविभागीय अधिकाऱ्याकडे धाडायचा, पोच मात्र आठवणीने घ्यायची.

शेवटी गुरुजींना दोन शब्द, कारण मोजणीचे काम बहुधा तुमच्याच गळ्यात येते. 2021 ची जनगणना लांबली. पुढचीसाठी 1 मार्च 2027 हा दिवस ठरवला गेला. नजरी नकाशात नाल्यापलीकडचा टोला त्याच्या नावासकट दाखवा. आणि मातृभाषेच्या रकान्यात, समोरचा माणूस तुमच्याशी मराठीत बोलला म्हणून मराठी लिहू नका. त्याला विचारा, तो गोंडी म्हणाला तर गोंडी, माडिया म्हणाला तर माडिया.