सोयाबीन आपलं, तेल इंडोनेशियाचं! असं का?

मागच्या बॅचला एका भावानं विचारलं, "सर, अनसिंगच्या चारी बाजूंनी सोयाबीन आहे. तेलाचा छोटा प्लांट टाकू का? कर्जाचा प्रोजेक्ट रिपोर्ट तयार आहे."

म्हटलं, आधी गणित करू. 100 किलो सोयाबीनमधून तेल निघतं साधारण 18 किलो, बाकी बहुतेक ढेप. तेवढं तेलही साध्या मशीनवर पूर्ण निघत नाही, सॉल्व्हंट प्लांट लागतो. तो कोटींचा खेळ. आणि समोर कोण? इंडोनेशिया, मलेशियाचं पाम. तिकडे एका हेक्टरातून तीन-चार टन तेल निघतं, आपल्या सोयाबीनमधून अर्धा टनही नाही. म्हणून भारत निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो आणि सोयाबीनची ढेप बाहेर विकतो. आपलं सोयाबीन जीएम नाही, त्यामुळे त्या ढेपेला खास गिऱ्हाईकही आहे.

बीबीएला रिकार्डो मी मार्कांपुरताच वाचला होता. 1817 मधलं त्याचं उदाहरण बघा. पोर्तुगालला ठरावीक कापडासाठी वर्षभर 90 माणसं लागतात, ठरावीक वाइनसाठी 80. इंग्लंडला 100 आणि 120. पोर्तुगाल दोन्हीत भारी! तरी त्यानं वाइनच करावी, कारण 80 माणसांची वाइन देऊन त्याला ते कापड मिळतं, ज्याला घरी 90 लागली असती. म्हणजे "मला जमतं का?" एवढंच विचारून भागत नाही. "हे करताना माझं दुसरं काय सुटतं?" हेही विचारा.

यात धोकाही आहे, मी भोगलाय. एप्रिल 2022 मध्ये इंडोनेशियानं पाम तेलाची निर्यात थांबवली. घाबरून मी चढ्या भावानं डबे भरले. 23 मेला निर्यात पुन्हा सुरू झाली, पुढे भाव उतरले, अन् मी घाट्यात डबे विकत बसलो. सरकारचंही तसंच. कच्च्या तेलावरचं आयात शुल्क सप्टेंबर 2024 मध्ये 5.5 वरून 27.5 टक्के झालं, मे 2025 अखेर 16.5 वर आलं. तुमच्या प्लांटचा हप्ता मात्र तोच राहतो.

त्या भावाला म्हटलं, लाकडी घाण्यावर करडई, जवस बघ. तिथं गिऱ्हाईक पामचा भाव काढत नाही. पण आधी वाशिम-पुसदमध्ये सलग तीन महिने तेल घेणारी 20 घरं शोध, मग बँकेत जा.

परवा फोन आला होता. 7 घरं झालीत म्हणे.