परभणीला एक खासदार, लक्षद्वीपलाही एकच! असं का?

परभणी लोकसभा मतदारसंघात २०२४ मध्ये सुमारे २१ लाख मतदार होते. लक्षद्वीपमध्ये जेमतेम ५८ हजार. म्हणजे आपल्याकडे ३६ पट जास्त. तरी दोघांचा खासदार एकेकच.

कारण राज्यघटनेच्या कलम ८१ मध्ये आहे. राज्यांना जागा लोकसंख्येनुसार मिळतात, केंद्रशासित प्रदेशांना मात्र वेगळ्या, जास्तीत जास्त २० जागा. एवढ्या मोठ्या देशात ३२ चौरस किलोमीटरची बेटं लोकसंख्येच्या हिशेबात बुडालीच असती. १९६७ पर्यंत तिथला खासदार निवडून येत नव्हता, राष्ट्रपती नेमत.

खरा फरक पैशात दिसतो. खासदार निधी सगळ्यांना सारखाच, वर्षाला ५ कोटी. भागाकार केला तर तिथे मतदारामागे सुमारे ८६० रुपये, आपल्याकडे २४. जिंतूर ते घनसावंगीपर्यंतच्या गावांनी यातच भागवायचं! अर्थात, बेटांवर सिमेंटही जहाजानेच न्यावं लागतं, हेही खरं.

मताचं वजन बघा. २००४ मध्ये लक्षद्वीपचा निकाल ७१ मतांनी लागला. २०२४ मध्ये परभणीतलं मताधिक्य होतं १ लाख ३४ हजार, तिथल्या एकूण मतदारांच्या दुपटीहून जास्त.