सार्वजनिक दप्तर : लेखांक पाचवा – हरकतींची मुदत

जमिनीचा व्यवहार झाला, वारसाहक्काने खातेदार बदलला किंवा सातबाऱ्यावर बोजा चढला, म्हणजे तलाठी त्याची नोंद प्रथम फेरफार नोंदवहीत घेतो, हितसंबंधितांना नोटीस बजावतो, चावडीवर तिची प्रत लावतो, आणि हरकतीची मुदत उलटल्यावर मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. तोवर तिचा अंमल सातबाऱ्यावर होत नाही. हा शिरस्ता वणी तालुक्यातील शेतकऱ्याला पुस्तकातून शिकवावा लागत नाही. ज्या मुलखाचा सबंध जिल्हाच इंग्रजी अमदानीत वणीच्या नावाने ओळखला जाई आणि ज्याला यवतमाळ हे नाव 1905 साली मिळाले, त्या मुलखात महसुली दप्तराशी घरोघरचा संबंध पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे, आणि कोळशाच्या खाणींसाठी झालेल्या भूसंपादनाने तर तो अधिकच निकट केला आहे.

हे सर्व येथे सांगण्याचे कारण असे की, ज्या पोस्टग्रेस डेटाबेसची जन्मकथा आपण मागील लेखांकांत पाहिली, म्हणजे बर्कलीच्या विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी 1986 साली आरंभिलेले आणि 1996 पासून स्वयंसेवकांच्या हाती आलेले जे काम, त्याचा सांभाळ बऱ्याच अंशी अशाच रीतीने चालतो. कोणत्याही देशातील कोणीही इसम मूळ संहितेतील दुरुस्तीचा मसुदा, ज्याला त्या मंडळीत पॅच म्हणतात, तो सर्वांपुढे मांडू शकतो. परंतु तो संहितेत दाखल करण्याची मुखत्यारी तीसेक कमिटरांपुरतीच मर्यादित आहे, आणि मोठा मसुदा उघड चर्चेवाचून दाखल करण्याचा प्रघात त्यांच्यातही नाही. चर्चा लेखी होते, ती जाहीर असते आणि ती जपून ठेवली जाते. वर्षातील ठराविक महिन्यांत मसुदे तपासण्याची एक मुदत लावलेली असते, तिला कमिटफेस्ट म्हणतात. आणि ज्याने आपला मसुदा दिला त्याने तेवढ्याच तोलाचा दुसऱ्याचा मसुदा तपासावा, अशी अपेक्षा त्या वेळी ठेवली जाते. ही अपेक्षा मला या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. कारण नवे रचण्याचा उत्साह जगात विपुल आहे, दुर्मीळ आहे तो दुसऱ्याचे लिहिलेले ओळ न्‌ ओळ वाचून त्यातील दोष सौजन्याने दाखविणारा माणूस, आणि सार्वजनिक काम टिकते ते अशा माणसांच्या संख्येवर.

या रीतीचा खरा कस पाहायचा तर आपल्याच महाराष्ट्राशी निगडित असलेले एक प्रकरण तपशिलाने पाहिले पाहिजे. पोस्टग्रेसमध्ये एखादी ओळ बदलली, तर जुनी ओळ खोडली जात नाही; फेरफारात जुन्या नोंदीला कंस पडतो आणि नवी नोंद खाली येते, त्याप्रमाणे जुन्या ओळीजवळ ती कालबाह्य झाल्याची खूण राहते आणि तिची नवी आवृत्ती स्वतंत्र जागी लिहिली जाते. यात लाभ असा की, जो व्यवहार आधी सुरू झाला आहे त्याला जुनी आवृत्ती निर्वेधपणे वाचता येते. हानी अशी की, ओळ शोधण्यासाठी बांधलेल्या प्रत्येक सूचीत, म्हणजे इंडेक्समध्ये, नव्या आवृत्तीचा पत्ता पुन्हा नोंदवावा लागतो. समजा, शेताचा गट क्रमांक तोच, खातेदार तोच, केवळ पेरा कापसाचा होता तो तुरीचा झाला. तरीही गट क्रमांकाच्या सूचीत एक नवी नोंद, खातेदाराच्या सूचीत आणखी एक. ज्या कोष्टकात दिवसाकाठी लक्षावधी बदल होतात, तेथे हा भार असह्य होतो.

यावर 2006 च्या अखेरीस सायमन रिग्ज यांनी एक योजना सर्वांपुढे ठेवली. तिच्या मूळ आराखड्याप्रमाणे नव्या आवृत्त्या एका वेगळ्या राखीव कोष्टकात ठेवायच्या होत्या. हरकती आल्या आणि आराखडा बदलला. पुण्यात काम करणारे पवन देवलसी यांनी मसुद्यामागून मसुदे लिहिले, आणि शेवटी जी रचना ठरली ती अशी: सूचीतील कोणताही स्तंभ बदलला नसेल, आणि त्याच पानावर (पोस्टग्रेसचे पान 8 किलोबाइटचे असते) जागा असेल, तर नवी आवृत्ती त्याच पानावर जुनीला साखळीने जोडून ठेवावी व सूचीला हात लावू नये. सूची साखळीच्या मुखाशी आणून सोडील, पुढची वाट पान दाखवील. मृत आवृत्त्या पानावरच्या पानावर आवरून जागा मोकळी करण्याचीही सोय त्यातून झाली. हॉट हे तिचे लघुनाम मात्र आरंभापासून तेच राहिले, जरी त्या आद्याक्षरांमागील रचना पार बदलली होती.

परंतु चर्चेचा खरा पेच याहून खोल होता. अशी साखळी अस्तित्वात असताना कोणी नव्या स्तंभावर नवी सूची बांधू लागला, तर काय होईल? पेऱ्यावर सूची नव्हती तोवर कापूस आणि तूर एकाच साखळीत सुखाने नांदत होते. आता पेऱ्यावरच सूची हवी, तर साखळीच्या मुखाशी कापूस लिहावा की तूर? तूर लिहिली, तर जुना व्यवहार, ज्याला अद्याप कापसाची आवृत्तीच दिसली पाहिजे, तो त्या सूचीतून कापूस शोधील आणि रिकाम्या हाताने परतेल. निरनिराळे उपाय सुचविले गेले आणि तपासले गेले. अखेर ठरले ते असे की, सूचीत जिवंत आवृत्तीचेच मूल्य घ्यावे, आणि ज्या व्यवहारांना जुन्या आवृत्त्या दिसू शकतात त्यांनी ती सूची वापरू नये, अशी खूण तिच्यावर करावी. टॉम लेन यांनी हा मसुदा सप्टेंबर 2007 मध्ये संहितेत दाखल केला आणि फेब्रुवारी 2008 च्या 8.3 आवृत्तीत तो जगाच्या हाती आला. त्या आवृत्तीच्या जाहीर टिपणात देवलसी यांचे नाव आहे आणि त्यालगत इतर अनेकांच्या विचारांचा उल्लेख आहे. ज्यांनी केवळ हरकती घेतल्या, त्यांच्याही श्रमाची ही पोच होय. असा प्रामाणिक शेरा आपल्याकडील किती सार्वजनिक कामांच्या दप्तरी सापडेल, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

दुसरे प्रकरण नामंजुरीचे आहे, आणि म्हणूनच अधिक बोधप्रद. एका सूचीतील स्तंभ बदलला तरी इतर सूच्यांना त्याचा त्रास होऊ नये, अशी वॉर्म नावाची पुढची योजना देवलसी यांनीच 2016 साली मांडली. त्याच वर्षी उबर कंपनीने पोस्टग्रेस सोडण्याच्या कारणांत याच दोषावर बोट ठेवले होते. मसुद्याची छाननी दीर्घकाळ चालली, गुंतागुंत फार आहे असे मत पडले, आणि तो संहितेत गेला नाही. पण त्याची कसोटी घेत असताना देवलसी यांना एक निराळाच, कित्येक वर्षे कोणाच्या ध्यानी न आलेला दोष आढळला: कोष्टक चालू ठेवून सूची बांधण्याच्या क्रियेत, क्वचित जुळून येणाऱ्या वेळेच्या योगाने, सूचीतून काही नोंदी गळू शकत होत्या. फेब्रुवारी 2017 च्या दुरुस्ती-आवृत्त्यांत तो दोष निवारला गेला. ज्याचा मसुदा मान्य झाला नाही, त्याच माणसाच्या दक्षतेने जगभरच्या डेटाबेसांतील नोंदी सुरक्षित झाल्या.

मर्ज या आज्ञेचे प्रकरण थोडक्यात सांगतो. दोन कोष्टकांचा मेळ एका आज्ञेत घालण्याची ही सोय एप्रिल 2018 मध्ये दाखल झाली आणि अंतर्गत रचनेवर अनुभवी मंडळींच्या हरकती आल्यामुळे त्याच महिन्यात परत घेण्यात आली. परत घेणे याचा अर्थ येथे बेअब्रू नव्हे. कारणे लेखी राहतात, आणि पुढचा माणूस तेथून काम उचलतो. अल्वारो हेरेरा यांनी ते उचलले, रचना नव्याने घडविली गेली, आणि ऑक्टोबर 2022 च्या 15 व्या आवृत्तीत मर्ज आली. तिच्या टिपणात चार नावे आहेत: सायमन रिग्ज, पवन देवलसी, अल्वारो हेरेरा आणि अमित लांगोटे. यांपैकी रिग्ज 2024 साली विमान-अपघातात निवर्तले. लांगोटे यांचा मुक्काम दीर्घकाळ जपानात राहिला असून, 10 व्या आवृत्तीत आलेली कोष्टकांच्या विभाजनाची सोय मुख्यतः त्यांच्या नावे आहे.

वणीतील जे विद्यार्थी संगणकशास्त्र शिकत आहेत आणि या कामात शिरावे कसे असे विचारतात, त्यांना माझे सांगणे इतकेच की, आरंभी स्वतःचा मसुदा लिहू नका. चालू मुदतीतील दुसऱ्या कोणाचा लहानसा मसुदा घ्या, तो आपल्या संगणकावर लावून पाहा, चाचण्या चालवा, जे दिसेल ते साध्या शब्दांत कळवा. त्यासाठी कोणाची शिफारस लागत नाही आणि वणी काय, टोकियो काय, त्या चर्चेत अंतर मोजले जात नाही. कालबाह्य आवृत्त्या पानांतून हुडकून जागा मोकळी करणारी जी व्हॅक्यूम नावाची यंत्रणा, तिचा विचार पुढील लेखांकात करू.