तांदळाच्या निर्यातीची बारा वर्षे

बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर २० जुलै २०२३ रोजी घातलेली बंदी केंद्र सरकारने २८ सप्टेंबर २०२४ रोजी उठवली, तेव्हा निर्णयाचे स्वागत झाले. परंतु मधल्या चौदा महिन्यांत उत्पादकाने काय गमावले, याचा हिशेब मांडण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही. तो मांडायचा तर २०११ पासूनच्या बारा वर्षांकडे वळावे लागते.

त्याआधीची साठ वर्षे थोडक्यात सांगण्याजोगी आहेत. १९५०-५१ मध्ये सुमारे २०६ लाख टन असलेले तांदळाचे उत्पादन आयआर-८ आणि जया यांसारख्या बुटक्या, खताला प्रतिसाद देणाऱ्या वाणांमुळे, तसेच अन्न महामंडळाची खरेदी आणि हमीभाव, म्हणजे पिकासाठी सरकारने आधी जाहीर केलेला किमान खरेदीदर, यांच्या आधाराने वाढत २०१०-११ मध्ये सुमारे ९६० लाख टनांवर पोचले. परदेशात मात्र भारताची ओळख बासमतीपुरती राहिली, आणि २००८ मध्ये जागतिक भाव टनाला १००० डॉलरच्या आसपास गेले, त्याच वर्षी सामान्य तांदळाच्या निर्यातीस पूर्ण मनाई झाली.

सप्टेंबर २०११ मध्ये ती मनाई उठली आणि पुढच्याच महिन्यात थायलंडच्या सरकारने टनाला १५००० बाट या बाजारभावाहून बऱ्याच चढ्या दराने भात घेण्यास सुरुवात केली, त्यामुळे थाई तांदूळ महागून गोदामांत अडकला आणि २०१२ मध्ये भारत जगातील सर्वांत मोठा तांदूळ निर्यातदार ठरला. ही संधी दुसऱ्याच्या चुकीतून मिळाली असली, तरी ते स्थान दहा वर्षे टिकवले ते येथील शेतकऱ्यांनी, गिरणीवाल्यांनी आणि काकिनाडासारख्या बंदरांतील हमालांनी, हे विसरता येत नाही. २०१०-११ मध्ये जेमतेम एक लाख टन असलेली बिगर-बासमती निर्यात २०२१-२२ मध्ये सुमारे १७२ लाख टनांवर गेली, आणि बासमती धरून जगातील तांदूळव्यापाराचा सुमारे ४० टक्के वाटा भारताकडे आला. बेनिन, सेनेगल, टोगो अशा देशांतील सामान्य माणसाच्या ताटात भारतातील कणी, म्हणजे भरडताना तुटलेला तांदूळ, आणि उकडा, म्हणजे सालासकट भिजवून, वाफवून, वाळवून मग भरडलेला तांदूळ, पोचू लागला.

या वैभवाची दुसरी बाजूही त्याच दशकातली आहे. पंजाबात, जेथे भात हे ना मुख्य अन्न ना जुने पीक, भूजल उपसून भातशेती चालूच राहिली, आणि सरकारी व्यवस्थेने तांदूळ केवळ वजनाने मोजल्यामुळे ज्या वाणांना चव, वास आणि गाव होते ते मागे पडले. मुळशीच्या आंबेमोहराला आणि आजऱ्याच्या घनसाळीला भौगोलिक मानांकन लाभले, तरी बाजारात आंबेमोहर म्हणून विकला जाणारा बराचसा तांदूळ आंध्र आणि मध्य प्रदेशातून आलेला, दिसायला तसाच दुसरा वाण असतो. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या गावी दीड एकराच्या शेतात निवड करकरून एचएमटी हा वाण घडवणारे दादाजी खोब्रागडे ३ जून २०१८ रोजी विपन्नावस्थेत निवर्तले. त्यांच्या वाणाचा तांदूळ मात्र दूरदूरच्या बाजारांत विकला जात होता. तांदळाच्या त्या सुवर्णकाळावर याहून कठोर आक्षेप दुसरा नाही.

त्यानंतर आली ती माघार. सप्टेंबर २०२२ मध्ये कणीच्या निर्यातीवर बंदी आणि कच्च्या पांढऱ्या तांदळावर २० टक्के शुल्क, जुलै २०२३ मध्ये पांढऱ्या तांदळाची बंदी, ऑगस्टमध्ये उकड्यावर २० टक्के शुल्क आणि बासमतीला टनामागे १२०० डॉलरचे किमान निर्यातमूल्य, म्हणजे ज्याहून कमी दराने माल बाहेर पाठवता येत नाही अशी मर्यादा. कारण सांगितले गेले ते देशातील महागाईचे आणि एल निनोमुळे पाऊस हुकण्याच्या भीतीचे. तथापि १ जुलै रोजी राखीव साठ्यात सुमारे १३५ लाख टन तांदूळ असावा असे सरकारचेच प्रमाण असताना गोदामांत त्याहून कितीतरी अधिक तांदूळ होता, ऐंशी कोटींवर लोकांना जानेवारी २०२३ पासून दरमहा माणशी ५ किलो धान्य विनामूल्य मिळत होते, आणि ज्या वर्षासाठी ही भीती घातली गेली त्या २०२३-२४ मध्ये उत्पादन सुमारे १३७८ लाख टन, म्हणजे तोवरच्या सर्व वर्षांपेक्षा अधिक झाले. गरिबाचे ताट शिधावाटपाने आधीच सांभाळले होते. बंदीने सांभाळला तो बाजारातून तांदूळ घेणारा ग्राहक, आणि त्याची किंमत भात पिकवणाऱ्याने मोजली.

हा निर्णय कोणत्या दिवसांत झाला, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. २० जुलैला विदर्भात धानाची रोवणी आणि कोकणात भाताची लावणी चालू असते. बियाणे, खत, मजुरी यांचा खर्च झालेला असतो आणि पीक बदलण्याची वेळ निघून गेलेली असते. निर्यातीचे धोरण पऱ्हे टाकण्याआधी, म्हणजे रोपांसाठी बी पेरण्याआधी, मे महिन्यातच जाहीर व्हावे आणि पीक विकले जाईपर्यंत ते बदलू नये, एवढे बंधन तरी केंद्र सरकारने कायद्याने स्वतःवर घालून घ्यावे.