क्रँक पुली बदलताय? आधी रबर बघा

तर मंडळी, आज पुली. क्रँकशाफ्टच्या टोकाला जी पुली असते, तिच्यावरच्या बेल्टने अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर आणि बऱ्याच गाड्यांत वॉटर पंपही फिरतो. ही मंडळी इंजिनचीच ताकद खातात. तिथे लहान, म्हणजे 'अंडरड्राइव्ह' पुली लावली की ती हळू फिरतात आणि चाकांकडे थोडी जास्त ताकद जाते.

समजा, 140 मिमीच्या जागी 119 मिमीची बसवली. 15 टक्के लहान. आयडलला 2,000 आरपीएमने फिरणारा अल्टरनेटर 1,700 वर आला. हायवेवर काही कळणार नाही, पण मे महिन्यात सिग्नलला उभे राहा: एसी मंद, चार्जिंग कमी.

हे एकवेळ चालवून घेऊ. माझी खरी भीती वेगळीच आहे. मूळ पुली नीट बघा. बऱ्याचदा मधला हब आणि बाहेरची रिंग यांच्यामध्ये रबर असतं. तो डॅम्पर. प्रत्येक सिलिंडर पेटताना क्रँकशाफ्टला पीळ बसतो, मग तो उलटा सुटतो. ठराविक आरपीएमला हे झटके एकावर एक चढत जातात. ते रबर गिळतं. अख्ख्या ॲल्युमिनियमची पुली हलकी, दिसायला एकदम भारी, पण तिच्यात रबरच नाही! गाडी लगेच बंद पडत नाही, म्हणून तर माणूस फसतो. ऑइल पंपाचे गिअर तुटणं, क्रँकला भेग जाणं, हे पुढे कधीतरी.

मूळ पुलीत रबर असेल, तर डॅम्परवालीच घ्या. आणि हो, पुली लहान केली की बेल्टही आखूड लागतो.